पहाटेचा पहारा

माझ्या मामांची वाचा आषाढात गेली. भाद्रपदात, चतुर्थीच्या पहिल्या आरतीला, त्यांनी सगळ्यांबरोबर अख्खी आरती म्हटली.

मधल्या काळात त्यांच्याकडे एकच शब्द उरला होता, ‘बरा’. सकाळी चहा पिताना हातातली बशी निसटली, उजवा हात आणि पाय लुळा पडला आणि गोव्यातल्या बांबोळीच्या इस्पितळातून मामा घरी आले ते हा एवढाच शब्द घेऊन. पाणी हवं असलं तरी ‘बरा’, पंखा बंद करायचा असला तरी ‘बरा’, मुलीला हाक मारायची असली तरी ‘बरा’. समजत मात्र सगळं होतं. शेताबद्दल कुणी चुकीचं बोललं की ते मान जोरात हलवायचे, काहीतरी सांगायला तोंड उघडायचे, आणि बाहेर पडायचा तोच शब्द. मग ते तोंड घट्ट मिटून भिंतीकडे बघत राहायचे. मामी म्हणायची, “समाजला माका. तुमी गप रवा.” पण तिला समजलेलं नसायचं, आणि तिला समजलेलं नाही हे मामांना समजलेलं असायचं.

चतुर्थीला त्यांना माटवीसमोर, म्हणजे गणपतीवर फळापानांनी सजवून टांगलेल्या चौकटीसमोर, खुर्चीत बसवलं. कवंडळं, तिरडा, काकड्या, सुपारीची शिपटी, सगळं वर लटकलेलं, आणि आम्ही पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने उभी. मामेभावाने आरती सुरू केली, मामीने झांज धरली. पहिलं कडवं अर्ध्यावर आलं आणि मागून एक जाड, घासलेला आवाज आला. आम्ही वळून बघितलं. मामा म्हणत होते. शब्द न् शब्द, एकही अक्षर न गाळता. मामेभावाचा आवाज फुटला, पण मामीने झांज चालूच ठेवली आणि डोळ्यांनीच त्याला दटावलं, थांबू नको. मग एकामागून एक सगळ्या आरत्या झाल्या. कोकणात त्या अर्धा-पाऊण तास चालतात. शेवटी मंत्रपुष्पांजली आली. जोडाक्षरांनी भरलेलं ते वैदिक संस्कृत, धडधाकट माणसाचीही जीभ तिथे अडखळते. मामांची अडखळली नाही.

प्रसाद वाटताना माझा भाऊ त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला. “मामा, आवाज इलो तुमचो!”

“बरा,” मामा म्हणाले. आणि रडायला लागले.

त्या रात्रीपासून मी या गोष्टीचा माग काढत आले आहे. देवाची कृपा म्हणून सोडून देणं घरातल्या बऱ्याच जणांना पुरलं, आणि त्यांच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण मला हे कळायला हवं होतं की ज्या गळ्यातून ‘पाणी’ निघत नाही, त्यातून मंत्रपुष्पांजली निघते कशी.

जगात हे फार पूर्वी कुणीतरी टिपून ठेवलेलं आहे. 1745 साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन याने अशाच एका माणसाची हकीकत लिहिली. आजारात त्याची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, ‘हो’ एवढाच शब्द उरला होता. पण आजारपणाआधी पाठ असलेली काही स्तोत्रं तो निरोगी माणसासारखी स्पष्ट म्हणायचा. डालिनने एक बारकावाही नोंदवला आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. सुरुवातीला दुसऱ्या कुणीतरी त्याच्याबरोबर म्हणावं लागे. एकदा सोबत मिळाली की तो पुढे जाई. काही प्रार्थना तर तो चालीवर न म्हणता, नुसत्या ठेक्यात आणि वरच्या आवाजात म्हणू शके. ते वाचताना मला आमची मंत्रपुष्पांजलीच ऐकू आली.

पुढे 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकांनी ‘टान’ एवढंच अक्षर बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवली. बोलण्याचा कारभार बहुतेकांच्या मेंदूत डावीकडून चालतो. गाण्याला डावी-उजवी दोन्ही अंगं लागतात. म्हणून डावीकडे घाव बसला तरी गाण्याची वाट पूर्ण बुजत नाही. या वाटेचा वापर करून 1973 मध्ये बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी एक उपचारपद्धती मांडली. रोजची छोटी वाक्यं दोन सुरांत, ठेक्यात म्हणायची, आणि डाव्या हाताने प्रत्येक अक्षरावर थाप द्यायची. हळूहळू सूर कमी करत बोलण्याकडे यायचं. सगळ्यांना गुण येतोच असं नाही, वेळ लागतो, पण काहींना येतो.

नंतरच्या अभ्यासांनी आणखी दोन गोष्टी पुढे आणल्या. मॉन्ट्रियलमध्ये 2006 साली असं दिसलं की असे रुग्ण एकट्याने गाताना अडखळतात ते दुसऱ्याच्या आवाजाबरोबर म्हणताना कमी अडखळतात. आणि जर्मनीत लायप्झिगच्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की चालीपेक्षाही ठेका महत्त्वाचा, आणि पाठ होऊन रुळलेले शब्द महत्त्वाचे. सोबतीला माणसं, पक्का ठेका आणि लहानपणापासून तोंडात बसलेले शब्द. कोकणातल्या कुठल्याही घरातली आरती आठवून बघा. प्रयोगशाळेत जे जुळवून आणावं लागलं ते आमच्या पडवीत दरवर्षी आपोआप जुळून येतं.

मामीने यातलं काही वाचलं नव्हतं. चतुर्थीनंतर चार-पाच दिवसांनी तिने आपल्याच डोक्याने एक गोष्ट सुरू केली. सकाळी तांब्या घेऊन मामांसमोर बसायची, त्यांचा डावा हात आपल्या हातात घ्यायची आणि मांडीवर थापट्या देत आरतीच्या चालीवर म्हणायची, “पा-णी व्ह-या.” आधी ती एकटीच. मग मामांचे ओठ हलायला लागले. मग शेवटचं ‘या’ त्यांच्या तोंडातून आलं. दिवाळीपर्यंत ते चालीवर पाणी मागू शकत होते, नंतर चहा, नंतर मुलीचं नाव. आज ते पूर्वीसारखं बोलतात असं मी सांगणार नाही. मोठं वाक्य त्यांना जमत नाही, फोनवर जमत नाही, राग आला की अजूनही ‘बरा’वर येऊन थांबतं. पण घरात त्यांना काय हवं ते आता बहुतेक वेळा कळतं, आणि ते मामी व मामा दोघं मिळून म्हणतात.

मामा बुवा नव्हेत. त्यांचा गळा गोड नाही, पेटी त्यांना येत नाही, पखवाजावर त्यांनी कधी हात ठेवला नाही. ते भजनात मागे बसून झांज वाजवणारे आणि कोरस देणारे. गावोगावच्या भजनांत अशी माणसं असतात, त्यांची नावं कुठल्या पत्रकावर येत नाहीत. तरीही संकटाच्या वेळी त्यांच्या आत एवढा मोठा साठा निघाला. तो भरला कधी?

मला वाटतं, तो सप्त्यात भरला.

आमच्या गावात श्रावणात हरिनाम सप्ता बसतो. सात दिवस, सात रात्री देवळातलं नाम थांबू द्यायचं नाही. गावातल्या वाड्यांना पहारे वाटून दिलेले असतात, तीन-तीन तासांचे. वाडीचा पहारा म्हणजे वाडीची अब्रू. सभामंडपाच्या मधोमध समई तेवत असते आणि तिच्याभोवती माणसं झांजा वाजवत, पावलं टाकत गोल फिरत असतात. संध्याकाळच्या पहाऱ्याला देऊळ फुललेलं असतं. चांगले बुवा येतात, वरच्या पट्टीत अभंग चढवतात, पखवाजवाला हात दाखवतो, पोरं खांबांना टेकून बघत असतात. ती मजा निराळीच, आणि ती मलाही आवडते.

पण लहानपणी बाबांबरोबर मी पहाटेच्या पहाऱ्याला जायची. रात्री तीनच्या आधी उठायचं, कंदील घ्यायचा, डोक्यावर इरलं. पाणंदीतून घोट्याएवढं पाणी वाहत असायचं, बेडकांचा गलका चाललेला असायचा, आणि व्हाळावरच्या साकवापाशी आलं की त्या गलक्यातून झांजेचा ठेका ऐकू यायचा. देवळात सहा-सात माणसं. बघायला कुणी नाही, ऐकायला कुणी नाही. आधीच्या वाडीची माणसं आमची वाट बघत असायची. पण आम्ही आलो म्हणून ती थांबायची नाहीत. बाबा झांज हातात घेऊन त्यांच्यात मिसळायचे, एकदोन आवर्तनं दोन्ही वाड्या एकत्र म्हणायच्या, आणि मग जाणारा एकेक माणूस झांज ठेवून वर्तुळाबाहेर पडायचा. नामात खंड पडायचा नाही.

त्या वेळी कुणी चांगलं गात नसे. आवाज बसलेले, डोळे चुरचुरणारे. ‘रामकृष्णहरी’ एवढेच शब्द, चाल बदलत बदलत तीन तास. चार-साडेचारच्या सुमाराला एक वेळ अशी यायची की सगळे आवाज अगदी खाली उतरायचे, जवळजवळ पुटपुटण्यावर यायचे. मी खांबाशी गोधडीत बसलेली असायची. माझे ओठ थांबले की मामा फिरता फिरता वाकून म्हणायचे, “गप रवलंस तर झोप येतली. म्हणत रव.” आणि मी म्हणत राहायची. मग कुणीतरी लय किंचित वाढवायचा. कोण ते कळायचं नाही. आवाज वर चढायला लागायचे, पावलं जलद व्हायची, गजर असा काही उसळायचा की गोधडीतल्या गोधडीत माझ्या अंगावर काटा यायचा.

तो काटा गजर टोकाला पोचल्यावर येतच नसे, त्याच्या जरा आधी येई. आता लय तुटणार, आता सगळे एकदम वरच्या सुरावर जाणार, हे कळलेलं असायचं, आणि त्या कळण्यातच अंग शहारायचं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये गाणं ऐकणाऱ्या माणसांच्या मेंदूत हेच मोजलं. आवडत्या गाण्यातला तो क्षण यायच्या आधीच मेंदूच्या एका भागात डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन पाझरू लागतं, आणि क्षण आला की दुसऱ्या भागात. चाल ओळखीची असेल तरच पुढे काय येणार ते माहीत असणार, आणि माहीत असेल तरच वाट बघता येणार. म्हणून त्याच त्या चाली वर्षानुवर्षं म्हणण्याला मी कंटाळवाणं म्हणत नाही. नवी चाल ऐकताना कान खूश होतात. जुनी चाल अंगाला माहीत असते.

पेटीबद्दल इथे एक सांगावंसं वाटतं. 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. आक्षेप शास्त्रशुद्धच होते. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, सुरांमधल्या आपल्या बारीक श्रुती तिच्या पट्ट्यांत बसत नाहीत, आणि वाद्य तर युरोपातून आलेलं. त्या तीस वर्षांत कोकणातल्या वाड्यांनी पेटी खाली ठेवली नाही. शेणाने सारवलेल्या खळ्यात, सभामंडपात, दशावताराच्या रंगमंचावर ती वाजतच राहिली. याचं कारण मला सभामंडपातच दिसलं. पेटीचा सूर हलत नाही. ज्यांना सूर धरता येत नाही अशा दहा माणसांना ती सूर धरून देते. मैफलीत जो दोष, तोच भजनात आधार.

बायकांच्या गाण्याचा साठा वेगळ्या जागी असतो. माझी आई ओव्या विसरली असं आम्ही धरून चाललो होतो. विचारलं की म्हणायची, “खय आठवतत आता!” घरातलं जातं माझ्या जन्माआधीच मागल्या पडवीत गेलं, दळण गिरणीवर जायला लागलं. मग एकदा मावशीच्या नातीला शाळेसाठी जुन्या वस्तूंची माहिती हवी होती, म्हणून जातं बाहेर काढून धुतलं. आईने मूठभर तांदूळ घातले, खुंट्याला हात घातला, दोन-तीन फेरे झाले आणि ती ओवी म्हणायला लागली. एक संपली की दुसरी. माहेरची, भावाची, वारलेल्या बहिणीची. या वारलेल्या मावशीचं नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. ती माझ्या आईची थोरली बहीण, बाळंतपणात गेलेली. आईने तिच्याबद्दल आम्हाला कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. जात्यावर सांगितलं. हात थांबला की ओवी थांबायची. आम्ही म्हणायचो, पुढची म्हण, तर ती आधी जातं फिरवायची.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढ्या बायकांनी एवढं बोलून ठेवलंय, आणि ते सगळं पहाटेच्या अंधारात, घरातली बाकीची माणसं झोपलेली असताना. सासूबद्दल, नवऱ्याबद्दल जे तोंडावर बोलता येत नव्हतं ते चालीत बसवलं की चालून जायचं. हरतालिकेच्या रात्रीच्या फुगड्यांतही तेच, पौषात मांडावरच्या धालोत, बायकांच्या त्या सामूहिक नाचगाण्यातही, तेच. फुगडीत तर सासरच्या माणसांची नावं घेऊन टोमणे मारलेले मी ऐकलेत, आणि ज्यांच्या नावाने मारले त्या सासवा तिथेच बसून हसत होत्या. दुसऱ्या दिवशी हाच टोमणा साध्या आवाजात मारून बघा.

या सगळ्याची मला आज एवढी ओढ का वाटते, तर ते कमी होताना दिसतंय म्हणून. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मला त्यापेक्षा घरातला लहान स्पीकर जास्त सलतो. अलीकडे काही घरांत आरतीची वेळ झाली की मोबाइल स्पीकरला जोडतात. सुरेल आवाज, मागे बासरी, तबला, सगळं यथासांग. माणसं हात जोडून उभी, ओठ मिटलेले. त्या आवाजासमोर आपला आवाज काढायला संकोच वाटतो, हे मी समजू शकते. मुलं तर आरती संपेपर्यंत पाटावरच्या मोदकांकडे बघत असतात. त्या मुलांच्या आत काय जाऊन बसतंय? त्यांच्यापैकी कुणावर पन्नास वर्षांनी मामांसारखी वेळ आली तर त्याची बायको कुठली चाल धरणार?

हे मी भीती घालण्यासाठी लिहीत नाही. रोगावर औषध म्हणून कुणी आरती पाठ करत नाही, करूही नये. पण ज्याला आपण संगीताची ताकद म्हणतो, ती मला मैफलीत भेटली त्याहून कितीतरी अधिक बेसूर माणसांच्या घोळक्यात भेटली आहे. मंगेशीचे दीनानाथ, कुर्डीच्या मोगूबाई, केरीच्या केसरबाई, याच किनाऱ्याने केवढे गळे दिले. केसरबाईंची भैरवी तर 1977 पासून व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जाते आहे. त्यांचं गाणं ऐकताना मी स्वतःला विसरते. मामांबरोबर म्हणताना मला माझी माणसं आठवतात. दोन्ही मला हवंय, पण पहिलं जपायला तबकड्या आहेत, दुसरं जपायला तोंडंच लागतात.

तोंडं कमी झाली आहेत, हे खरं. वाडीतले तरुण मुंबईला, नाहीतर गोव्यात नोकरीला. चतुर्थीला कोकण रेल्वेने सगळे येतात, श्रावणात येऊ शकत नाहीत. गेल्या सप्त्यात आमच्या वाडीच्या पहाटेच्या पहाऱ्याला चार माणसं होती. त्यात एक माझे बाबा, दम्याचे. शेजारच्या वाडीने दोन माणसं उसनी दिली म्हणून निभावलं. देवळाच्या बैठकीत कुणीतरी सुचवलं की रात्रीचे तेवढे पहारे रेकॉर्डवर घ्यावेत. बाबा उठून बाहेर आले.

मग मी, माझी मामेबहीण आणि वाडीतल्या इतर बायका गावकरांकडे, देवळाचा कारभार बघणाऱ्या मानकऱ्याकडे, गेलो. आम्ही म्हटलं, वाडीचा पहारा आम्ही घेतो. आमचं महिला भजन आहेच, दर एकादशीला बसतं, पेटी आमची आम्ही वाजवतो. गावकर भला माणूस. त्याने विचार केला आणि म्हणाला, “दुपारचो घेवा. बारा ते तीन. उजेड असता, येवक-जावक बरा पडता.” आम्ही नको म्हटलं. दुपारी माणसं असतातच. आम्हाला तीन ते सहाचा हवा आहे. तो म्हणाला, पावसातून, काळोखातून येणार कशा? मामेबहीण म्हणाली, “आमच्या आयो तीनाक उठान दळत होत्यो मां?”

निर्णय बैठकीत होईल, नारळीपौर्णिमेच्या आधी. तोवर आम्ही चाली बसवतो आहोत. झांज मामीकडे आहे, आणि मामा तालीम ऐकायला ओसरीवर येऊन बसतात. आम्ही लय लवकर वाढवली की डाव्या हाताने मांडीवर थाप देऊन आम्हाला मागे खेचतात.